पडदा बंद असता, तर पाळी आली कुठून?

बारा-तेराव्या वर्षी मुलीला पाळी येते. गर्भाशयातलं रक्त योनीमार्गातून बाहेर येतं, दर महिन्याला, चार-पाच दिवस. हे आजीला माहीत असतं, आईला माहीत असतं, पॅड विकणाऱ्या दुकानदारालाही माहीत असतं. आणि तरी त्याच घरात सगळे धरून चालतात की लग्न होईपर्यंत मुलीच्या योनीवर एक पडदा ताणून बसवलेला असतो, आणि तो पहिल्या रात्री फाटला की रक्त येतं. पडदा बंद असेल तर पाळीचं रक्त येणार कुठून, हा प्रश्न कुणाला पडत नाही.

मी सांगलीत स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. विश्रामबागच्या फ्लॅटमधून येणारी असो की जतहून सकाळची एसटी पकडून आलेली, हा पडदा दोघींच्या डोक्यात सारखाच असतो. शिक्षणाने इथे फार फरक पडत नाही. फरक एवढाच की शिकलेल्या घरात हेच बोलणं आवाज खाली करून होतं.

तर आधी पडदा म्हणजे काय ते बघू. योनीच्या तोंडाशी, आतल्या बाजूने, कडेकडेने त्वचेसारख्या मऊ पेशींची एक घडी असते. झबल्याच्या गळ्याला झालर असते ना, तशी: कडेला झालर, मध्ये मोकळं. तिला योनिपटल म्हणतात. बाळ पोटात असताना योनीमार्ग तयार होतो, तेव्हाची ही राहिलेली कड. तिचं म्हणून शरीरात काही खास काम सापडलेलं नाही. कुणाची गोल असते, कुणाची चंद्रकोरीसारखी, कुणाच्या मध्ये एक पट्टी गेलेली असते आणि त्यामुळे दोन भोकं दिसतात, कुणाची इतकी बारीक की शोधावी लागते. वयात येताना इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) वाढलं की ही कड जाड, घडीदार आणि लवचीक होते. म्हणजे ज्या वयात ती ‘नाजूक’ असते असं आपण समजतो, त्याच वयात ती चांगली ताणली जाऊ शकते.

खरोखर बंद पडदा असलेल्या मुली असतात. फार कमी. पण त्यांची गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपल्या समजुतीतली ‘परिपूर्ण’ मुलगी म्हणजे खरं तर हीच, आणि ती आजारी असते. वय चौदा-पंधरा, बरोबरीच्या सगळ्यांना पाळी आलेली, हिला नाही. मात्र दर महिन्याला ओटीपोटात कळा. आधी जंताचं औषध होतं, मग कुणीतरी अपेंडिक्स म्हणतं, मध्ये एखादा अंगारा-धुपारा होतो. शेवटी लघवी अडते तेव्हा दवाखान्यात आणतात. सोनोग्राफीत दिसतं की कितीतरी महिन्यांचं पाळीचं रक्त आत साठून योनीमार्ग फुगलाय. भूल देऊन छोटी शस्त्रक्रिया करायची, पडद्याला वाट करून द्यायची, मुलगी दोन दिवसांत घरी. अशा वेळी बाहेर बाकावर बसलेली आई मला पहिला प्रश्न काय विचारते? “म्याडम, पुढं लग्नाला अडचण न्हाई ना येणार? काय लिहून देता का?” पोरीच्या पोटात काय साठलं होतं, ते नंतर.

आता रक्ताचं. पहिल्या संबंधाच्या वेळी काही जणींना थोडं रक्त येतं, पुष्कळ जणींना येत नाही. दोन्ही नॉर्मल. योनिपटलात रक्तवाहिन्या फारशा नसतात, त्यामुळे चादरीवर डाग पडेल एवढं रक्त तिथून येण्याचं काही कारण नसतं. मग ते येतं कुठून? बहुतेक वेळा घाईतून, कोरडेपणातून आणि भीतीतून. योनीमार्ग ओला होण्याआधीच संबंध झाला तर आतली नाजूक त्वचा खरचटते. मुलगी घाबरलेली असेल तर तिथले स्नायू आपोआप आवळले जातात, आणि त्याच अवस्थेत जोर लावला की दुखतं, चिरा पडतात. रक्त आलं तर त्यातून बरेचदा एवढंच कळतं की घाई झाली.

आपल्याकडची लग्नं डोळ्यांसमोर आणा. आदल्या दिवशी हळद, दुसऱ्या दिवशी उन्हात मांडव, वरात, मग देवदर्शन. जेजुरी, नाहीतर पालीचा खंडोबा, कुणाचा जोतिबा. परत आल्यावर जागरण-गोंधळ, सत्यनारायण. तीन-चार दिवस धड झोप नाही, पोटात अन्न नाही, ज्याच्याशी लग्न झालं त्याच्याशी फोनपलीकडे बोलणं नाही. आणि त्या रात्री त्या मुलीच्या शरीराने वेळेवर ठरावीक लाल डाग द्यायचा! मुलाचीही काही वेगळी स्थिती नसते. मित्रांनी कानात काय काय भरलेलं असतं. त्याला तिच्या चेहऱ्याकडे बघायचं सुचत नाही, तो चादर बघतो.

ही भीती पुढे किती लांबते ते माझ्या ओपीडीत दिसतं. लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालं, मूल होत नाही म्हणून जोडपं येतं. सोबत सासू, हातात आधीच्या डॉक्टरांची फाईल, रक्ताच्या सगळ्या तपासण्या, सोनोग्राफ्या. सासूला बाहेर बसवून नीट विचारलं की कळतं, संबंध झालेलाच नाही. जवळ गेलं की तिचे स्नायू कडक होतात, दोघंही घाबरतात, आणि विषय तिथेच थांबतो. लहानपणापासून ‘फाटतं’, ‘रक्ताचं थारोळं होतं’ एवढंच कानावर पडलेलं असतं. यावर उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात: समजावणं, स्नायू सैल सोडण्याचे व्यायाम, घाई न करणं. पण तोवर त्या फाईलवर ‘वंध्यत्व’ लिहिलेलं असतं. पहिल्या संबंधानंतर रक्त थांबतच नसेल, पॅडवर पॅड भिजत असतील, तर मात्र तो अभिमानाचाही विषय नाही आणि लाजेचाही. लगेच दवाखान्यात या. आत खोल चीर गेली असू शकते, टाके घालावे लागतात.

इथे एक सद्भावनेने दिलं जाणारं उत्तर आहे, तेही मला पटत नाही. मुलीच्या बाजूने बोलणारे म्हणतात, “अहो, सायकल चालवल्यानेही पडदा फाटतो, खेळाने फाटतो, टॅम्पॉनने फाटतो.” साताऱ्यात भल्या पहाटे मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली धावताना, लांब उड्या मारताना, गोळा फेकताना दिसतात. त्यांच्या आयांना शेजारणी हेच सांगून घाबरवतात, आणि एखादी आई पुढे हाच मुद्दा ढाल म्हणून वापरते: ‘पोरगी पळणारी हाय, म्हणून.’ पण धावण्याने, सायकलने योनिपटलाला सहसा काहीच होत नाही. पाळीत आत ठेवायचा टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप नीट वापरला तर त्या मधल्या मोकळ्या जागेतून जातो, कड थोडी ताणली जाईल इतकंच. मुद्दा असा की ‘दुसऱ्या कारणानेही फाटू शकतो’ म्हटलं की तो आधी अखंड होता आणि फाटलेला ओळखता येतो, हे आपण मान्यच करून बसतो. मग चौकशी फक्त कारणाची उरते, आणि मुलीला खुलासा द्यावा लागतो. खुलासा देण्यासारखं तिथे काही नसतंच.

“म्याडम, तेवढं बघून सांगा की. तुमास्नी कळतंयच की.” हे वाक्य मी कितीदा ऐकलंय. एकदा कवठेमहांकाळकडची एक बाई नव्या सुनेला घेऊन आली होती. सुनेच्या हातावरची मेंदी अजून नारिंगी होती. नवरा दारातच मोबाइलमध्ये तोंड घालून उभा. बाई भांडकुदळ अजिबात नव्हत्या. आवाजात काळजी होती. “आमचं काय म्हणणं न्हाई. पण पोराच्या मनात आलंय, ते एकदा फिटू दे. कागुद द्या एक.” मी म्हटलं, “मावशी, असा कागद कुठलाच डॉक्टर देऊ शकत नाही.” त्यांना वाटलं मी फी वाढवून मागतेय.

डॉक्टरला कळत नाही, हे लोकांच्या पचनी पडत नाही. थोडा दोष आमचाही आहे, कारण वर्षानुवर्षं न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत ‘कौमार्याच्या खुणा’ असं प्रकरण असायचं आणि आम्ही ते पाठ करून परीक्षेत लिहायचो. गंमत म्हणजे त्याच प्रकरणात ‘खोटी कुमारिका’ नावाचा एक प्रकारही असायचा: संबंध आलेला, पण योनिपटल जसंच्या तसं. खुणेवरून ओळखता येत नाही अशा बायका असतात, हे पुस्तक स्वतःच कबूल करायचं आणि पुढच्या ओळीला पुन्हा खुणा सांगायला लागायचं. २००४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ३६ गर्भवती किशोरवयीन मुलींच्या तपासण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गर्भ राहिलेला, म्हणजे शंकेला जागाच नाही. त्यातल्या फक्त २ जणींमध्ये संबंध झाल्याची निश्चित म्हणता येईल अशी खूण सापडली. शिवाय तिथे झालेली इजा लवकर भरून येते, अनेकदा व्रणसुद्धा न ठेवता. शरीरात याची नोंद राहत नाही. जे लिहिलेलंच नाही ते डॉक्टर वाचणार कुठून?

ऑक्टोबर २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, संयुक्त राष्ट्रांचं मानवाधिकार कार्यालय आणि यूएन वुमन यांनी मिळून सांगितलं की कौमार्य चाचणीला कसलाही वैद्यकीय आधार नाही, ती बंद करा. आपल्या राज्यात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या पाठ्यक्रमातला अशास्त्रीयपणा अहवाल करून मांडला, आणि २०१९ मध्ये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून कौमार्याच्या खुणा काढल्या. देशपातळीवर मात्र गाडी पुढे-मागे होत राहिली. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात योनिपटलाचं ‘महत्त्व’ परत आलं, ओरड झाली, आणि सप्टेंबरमध्ये तो मागे घ्यावा लागला.

बलात्काराच्या तपासात दोन बोटं घालून ‘संबंधांची सवय आहे की नाही’ ठरवायची जी चाचणी होती, ती याच समजुतीची सख्खी बहीण. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती स्त्रीच्या खासगीपणावर आणि प्रतिष्ठेवर आघात करणारी ठरवली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनीही ती नाकारली. तरी ती चालूच राहिली, म्हणून ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की जो कुणी ती करेल तो गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. फेब्रुवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आरोपी बाईचीही कौमार्य चाचणी करता येत नाही, ते घटनाबाह्य आहे, असा निकाल दिला. आरोपीची करता येत नसेल तर सुनेची कुठल्या हिशेबात करायची?

बाकीच्या खुणांवर फार शाई घालवण्यासारखं नाही. चालण्यावरून कळतं, कंबर रुंद होते, छाती बदलते, डोळ्याखाली काळं येतं. यातलं काहीही खरं नाही. ‘सैल’ होण्याची गोष्टही तशीच. योनीमार्ग स्नायूंचा आहे, ताणला जातो आणि परत जागेवर येतो. त्यात टिकणारा फरक पडतो तो बाळंतपणाने आणि वयाने, आणि त्यासाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत. एका माणसाशी शंभरदा आलेला संबंध लग्नातला म्हणून काही करत नाही आणि लग्नाआधीचा एकच संबंध सैल करतो, असं हे गणित आहे.

या भीतीवर धंदा मात्र जोरात चालतो. मोठ्या शहरांत पडदा ‘शिवून’ देणाऱ्या शस्त्रक्रियेच्या जाहिराती असतात, ऑनलाइन खोट्या रक्ताच्या रंगाच्या गोळ्या मिळतात. लग्न ठरलेली मुलगी डोळ्यांत पाणी आणून हे विचारायला येते तेव्हा मी तिच्यावर रागावत नाही. तिचा हिशेब सरळ असतो: समोरचा खोटी परीक्षा घेणार असेल तर तिने कॉपी का करू नये? पण मी ती शस्त्रक्रिया करत नाही आणि का करत नाही ते तिला सांगते. टाके घालूनही रक्त येईल याची खात्री नसते, जंतुसंसर्गाचा आणि दुखण्याचा धोका मात्र नक्की असतो.

कंजारभाट समाजातल्या पांढऱ्या चादरीच्या प्रथेबद्दल बऱ्याच जणांनी वाचलं असेल. जातपंचायत बसते, नवरा येऊन ‘माल’ खरा की खोटा ते सांगतो. २०१८ मध्ये याविरुद्ध पहिल्यांदा जोरात उभी राहिली ती त्याच समाजातली तरुण मुलं-मुली. समाजाचा रोष त्यांनी अंगावर घेतला. फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्याच्या तेव्हाच्या गृहराज्यमंत्र्यांनी अशी चाचणी हा लैंगिक अत्याचार मानला जाईल असं जाहीर केलं. त्याआधीच सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा जुलै २०१७ पासून लागू झाला होता. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. या कायद्यामागे साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंनिसने २०१३ पासून चालवलेल्या जातपंचायतविरोधी मोहिमेचा मोठा वाटा आहे. हे सगळं सांगताना मला एक धास्ती वाटते. वाचणारा म्हणतो, ‘अरेरे, त्यांच्यात असं असतं!’ आणि मोकळा होतो. माझ्याकडे कागद मागायला येणाऱ्यांत शेतकरी आहेत, शिक्षक आहेत, एक बँकेतले साहेबही होते. फक्त त्यांची पंचायत घरातल्या सोफ्यावर बसते.

मुलाला हे कुणी विचारत नाही, हे वेगळं सांगायला नको. विचारायचंच असेल तर दोघांना असं विचारा, ज्याचं उत्तर रक्तातून खरोखर मिळतं: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, रक्तगट, थॅलेसेमियाची तपासणी. एचआयव्हीची तपासणी सिव्हिलमध्ये फुकट होते आणि नाव गुप्त राहतं. ‘मुलगी कोरी आहे म्हणजे रोग नाही’ हाही गैरसमजच. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी आईकडून जन्मताना येऊ शकतात, दूषित सुईने येऊ शकतात. आणि नववधूला लैंगिक आजाराचा संसर्ग झाला तर तो बरेचदा नवऱ्याकडून आलेला असतो. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवरची लस ९ ते १४ या वयात घेतली तर सर्वांत उपयोगी, कारण ती संबंध येण्याच्या आधी द्यायची असते. त्या वयात ती देणं म्हणजे मुलीला ‘मोकळीक’ देणं, असं म्हणणारे बाप भेटतात. धनुर्वाताची लस घेताना कुणी पोराला खिळ्यावर पाय द्यायची मोकळीक देत नाही, असं मी त्यांना सांगते.

सगळ्यात महागात पडणारी समजूत वेगळीच आहे: पहिल्या वेळी दिवस जात नाहीत. जातात. रक्त आलं नाही तरी जातात. पूर्ण संबंध झाला नाही, पण वीर्य योनीच्या तोंडाशी पडलं, तरी क्वचित जातात. शुक्रजंतू आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, त्यामुळे ‘सुरक्षित दिवस’ मोजण्यातही चूक होते. मूल नको असताना निरोधाशिवाय संबंध झाला किंवा निरोध फाटला तर आणीबाणीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. मेडिकलमध्ये ती चिठ्ठीशिवाय मिळते.

आणि आता आमच्या ओपीडीतला एक प्रश्न. पोटात दुखतंय म्हणून पोरगी आली की आम्ही विचारतो, “लग्न झालंय का?” शेजारी आई उभी. पोरगी म्हणते, नाही. विषय संपला, आम्ही गॅसेसचं औषध देतो. खरं तर आम्हाला विचारायचं असतं की संबंध आलाय का, पाळी चुकलीये का. गर्भाशयाऐवजी नळीत गर्भ राहिला असेल आणि ती नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो, तासाभरात जीव जाऊ शकतो, आणि लघवीची एक साधी तपासणी केली असती तर शंका आली असती. उलटही होतं. लग्न न झालेल्या पस्तिशीच्या बाईला आतून तपासायची गरज असते, पण ‘पडदा’ म्हणून घरचे नको म्हणतात, कधीकधी डॉक्टरही टाळतात. मग भरल्या लघवीवर पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत जे दिसेल त्यावरच भागवायचं. गरज असेल आणि तिची संमती असेल तर अशी तपासणी करता येते. त्याने कौमार्य जात नाही.

म्हणून पेशंटने एक करावं. प्रश्न लग्नाचा विचारला असला तरी उत्तर संबंधांचं आणि पाळीच्या तारखेचं द्यावं. घरच्यांसमोर बोलता येत नसेल तर डॉक्टरांना सांगावं की मला पाच मिनिटं एकटीला बोलायचंय. सज्ञान बाईला तो हक्क आहे आणि तिने सांगितलेलं घरच्यांना न सांगणं हे आमच्यावर बंधन आहे. वय १८ च्या आत असेल आणि संबंध आलेला असेल तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यामुळे आम्हाला पोलिसांना कळवावं लागतं, हे मी मुलीला आधीच सांगते. पण उपचार त्यासाठी अडत नाहीत. कुणी तुमच्या मर्जीविरुद्ध तपासून घ्यायला दवाखान्यात आणलं असेल तर तेही याच पाच मिनिटांत सांगा. महिला हेल्पलाइनचा नंबर १८१.